राजाचा दगड

माझी बायको आता लिहीत नाही. सकाळचा चहा झाला की टर्पेंटाइनचा डबा, फडकी आणि तारेचा ब्रश घेऊन ती मागच्या शेतात जाते आणि दगड घासत बसते. पिवळा रंग बराचसा निघाला. निळाही निघतोय. लाल मात्र हटत नाही. आमच्याकडचा चुनखडीचा दगड एकदा रंग प्यायला की सोडत नाही. परवा मी म्हटलं, "ईटा, पाऊस काढेल गं हळूहळू." ती म्हणाली, "पावसानं लावला होता का?" आणि पुन्हा घासायला लागली. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. रविवारी अजूनही एखादी गाडी येते, मागच्या सीटवर पुस्तक घेतलेली मुलं असतात. मी त्यांना परत पाठवतो. लोक मला शिव्या घालून जातात आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

ईटा मनेली हे नाव आता फारसं कुणाला आठवत नाही, पण एके काळी आयर्लंडमध्ये ज्या घरात लहान मूल होतं त्या घरात 'लिसमधली माणसं' या मालिकेतलं एक तरी पुस्तक होतं. बहुतेक ठिकाणी त्याची पानं फाटलेली आणि त्यावर जॅम सांडलेला असायचा. ईटाला ते फार आवडायचं. स्वच्छ पुस्तक सही करायला आलं की ती तोंड वाकडं करायची. "हे वाचलेलं नाही," म्हणायची, "हे कपाटात ठेवलेलं आहे."

मी डेसी, तिचा नवरा. जन्म डब्लिनचा, आयुष्य शाळेची बस चालवण्यात गेलं, आणि लग्न करून इकडे पश्चिमेला मेयोत आलो त्याला चाळीस वर्षं झाली तरी गावच्या लेखी मी अजून 'डब्लिनवाला'च. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट बाहेरचा म्हणून बरंच काही माफ व्हायचं. पण बाहेरचा म्हणून बरंच काही सांगितलंही जात नाही, हे कळायला मला फार उशीर झाला.

लिस म्हणजे आमच्या घरामागच्या शेतात असलेला मातीचा जुना गोल बांध. कुणी घातला, कधी घातला, कुणालाच ठाऊक नाही. आत काट्यांचं एकच हॉथॉर्नचं झाड आणि गवतात इकडेतिकडे पांढरट दगड, पावाच्या लादीएवढे. इथला कुठलाही शेतकरी लिसवर नांगर घालत नाही. का, असं विचारलं तर हनुवटीनं तिकडे दाखवून 'ती माणसं' एवढंच म्हणतात. ती माणसं म्हणजे जमिनीखालची, बुटकी, आपल्याला न दिसणारी. त्यांचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्या वाटेला जायचं नाही, आणि त्यांच्या जागी काही तोडायचं नाही.

ईटा एकुलती एक. आजूबाजूला खेळायला कुणी नाही. सात वर्षांची असताना तिनं आईला विचारलं, ते दगड कशाचे? आई कोंबड्यांची बादली घेऊन निघाली होती. ती म्हणाली, "ती त्यांची बसायची स्टुलं आहेत. पाय लावू नकोस."

या एका वाक्यावर माझ्या बायकोनं चौदा पुस्तकं लिहिली.

पाय लावू नकोस म्हटल्यावर कुठली पोर ऐकते? आईची पाठ वळली की ही लिसमध्ये. प्रत्येक दगडावर तिनं एकेकाला बसवलं. लाल टोपीचा राजा ओगी, त्याचा आचारी टोबिन, शिंकून शिंकून हैराण झालेली पिप. एकटी पोर दिवसभर त्यांच्याशी बोलायची, भांडायची, त्यांना चिखलाचा केक करून घालायची. पुढे काउंटीच्या ग्रंथालयात नोकरीला लागल्यावर तिनं ते सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून टाइप केलं. डब्लिनच्या एका प्रकाशकानं कळवलं, गोष्ट छान आहे पण माणसांऐवजी ससे घाला. दुसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. तिसऱ्यानं छापलं, आणि नाताळपर्यंत दुसरी आवृत्ती निघाली.

पुस्तक चाललं ते खरं तर राजामुळे नव्हे. त्यात एक हाडहाड म्हातारी होती. डोक्याला रुमाल, हातात कोंबड्यांची बादली. मुलं राजाच्या दगडावर चढली की ती बांधावरून ओरडायची, "उतरा तिथून!" आणि मुलं एका दगडावरून दुसऱ्यावर उड्या मारत म्हणायची:

उतरणार नाही, जा गं जा!
दगड आमच्या राजाचा!

ती जितकी जास्त ओरडेल तितक्या जोरात उड्या मारायच्या, असा खेळ. मी ईटाला गाडीतून शाळाशाळांत घेऊन जायचो. डोनेगलपासून केरीपर्यंत एक शाळा सोडली नसेल. ती रुमाल बांधून, बादली घेऊन सभागृहात शिरायची आणि आवाज चढवून ओरडायची, "उतरा तिथून!" की तीनशे पोरं छप्पर उडेल अशी उत्तर द्यायची. मी मागे उभा राहून हसायचो. मला स्वतःला मूल नाही. आम्हाला झालं नाही. त्या आवाजात आम्ही दोघांनी बरंच काही भरून घेतलं, हे आता सांगायला लाज कसली?

हाडहाड म्हातारी कोण, हे सांगायची गरज नव्हती. रुमाल तोच, बादली तीच. ईटाची आई डिलिया मनेली. मी तिला शेवटपर्यंत मिसेस मनेलीच म्हणालो. डिलिया म्हणायची हिंमत झाली नाही. रोज सकाळी मिस्सेच्या प्रार्थनेला जायचं आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचं, पुढे कधी नाही. कमी बोलायचं. मुलीच्या पुस्तकांबद्दल तर एक अक्षर नाही.

पहिल्या पुस्तकाचा समारंभ गावातल्या ग्रंथालयात होता. ईटा नवीन हिरवा ड्रेस घालून आईला न्यायला गेली.

"कोंबड्या कोंडायच्या आहेत," मिसेस मनेली म्हणाल्या.

"मॅमी, एक दिवस शेजारचा मार्टिन-जो कोंडेल की."

"माझ्या कोंबड्या मीच कोंडते."

"पुस्तक तरी वाचशील?"

"ठेव तिथं."

ईटानं ते घड्याळामागे ठेवलं. पुढच्या वेळी गेली तर तिथं नव्हतं. प्रत्येक नवं पुस्तक असंच 'ठेव तिथं' म्हणून ठेवलं गेलं आणि दिसेनासं झालं. चुलीत गेलं, की कोंबड्यांखाली अंथरलं गेलं, देव जाणे. बाहेर सगळा देश तिला डोक्यावर घेत होता आणि ईटा घरी येऊन भांडी घासत रडायची.

"मी तिला चेटकीण केली, डेसी. चारचौघांत हसं केलं. कुठली आई खपवून घेईल?"

"मग पुढच्या पुस्तकात तिला चांगली कर. केक-बिक दे तिच्या हातात."

"मुलं ऐकणार नाहीत. मुलांना तीच आवडते."

"मग आईला सांग ना, मुलांना तूच आवडतेस म्हणून."

"तू सांग. बघू तुझ्यात किती दम आहे ते."

माझ्यात नव्हता.

मग दिवस फिरले. ईटाचा जुना संपादक निवृत्त झाला आणि त्याच्या जागी एक तरुण मुलगी आली. ती फोनवर फार गोड बोलायची. आताच्या मुलांना, तिच्या म्हणण्याप्रमाणे, भावनांविषयी पुस्तकं हवी असतात. दगडांवर उड्या मारणं सुरक्षिततेच्या दृष्टीनं जरा अवघड. आणि म्हाताऱ्या बाईची टिंगल तर नकोच. ईटानं घाबरट साळिंदराची एक गोष्ट लिहून पाहिली. पाठवली नाही. पुस्तकं एकेक करून बाजारातून गेली. शाळांची बोलावणी थांबली. सत्तरीला आलेली माझी बायको खिडकीशी बसून लिसकडे बघत राहायची. मी विचारलं की म्हणायची, "काही सुचत नाही रे. ती सगळी उठून गेलीत."

म्हणून मॅजेला जेव्हा ती कल्पना घेऊन आली तेव्हा मी तिच्या पाया पडायचाच बाकी होतो. मॅजेलाचं गावात केस कापायचं दुकान आहे आणि गावात जे काही होतं त्याची समिती तिच्याच दुकानात बसते. शेजारच्या गावानं जंगलात झाडांना चिमुकली रंगीत दारं लावून 'बुटक्यांची वाट' केली होती आणि तिथं रविवारी बसगाड्या भरून लोक येत होते. ते तिच्या डोळ्यांत खुपत होतं.

"त्यांची माणसं लाकडी आणि दुकानातून आणलेली, ईटा बये," ती म्हणाली. "आपल्याकडं खरं लिस आहे. खरी लेखिका आहे. दगडांना रंग देऊ, खडीची वाट करू, आणि उद्घाटनाला तू रुमाल बांधून बादली घेऊन यायचंस. तुझं नाव राहील बघ."

शेत ईटाच्याच नावावर होतं. मिसेस मनेली दोन वर्षांपूर्वी गावातल्या वृद्धाश्रमात गेल्या तेव्हाच त्यांनी ते करून दिलं होतं. कुणाला विचारायची गरज नव्हती. पण आईला विचारायचंच, असं ईटाचं ठरलं होतं. नुसतं विचारायचं नव्हतं. तिच्या मनात एक चित्र तयार झालं होतं: आई चाकाच्या खुर्चीत, समोर शेकडो मुलं, सगळ्यांच्या तोंडी तिच्या मुलीच्या ओळी. ते बघून तरी ती एक शब्द बोलेल. चांगलं म्हण, वाईट म्हण, पण वाचलं म्हण. सत्तर वर्षांच्या बाईला आईकडून एवढंच हवं होतं, आणि आता आई नव्वदीच्या पुढे गेली होती, म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

आम्ही वृद्धाश्रमात गेलो. मिसेस मनेली बिस्किट चहात बुडवून खात होत्या.

"मॅमी, लिसमध्ये मुलं येणार आहेत. खूप. दगडांना रंग देणार आहोत."

बिस्किट चहात तुटून पडलं. त्यांनी ते काढलं नाही.

"नको," त्या म्हणाल्या.

"का नको?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी बाहेर जावं असं त्यांना वाटत असावं, पण मला ते तेव्हा समजलं नाही आणि मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या, "ती माणसं चिडतील."

आणि तोंड भिंतीकडे केलं.

परत येताना ईटा गाडीत हसली, मग रडली. "बघितलंस? माझीच गोष्ट माझ्या तोंडावर मारते. मला तुझी लाज वाटते म्हण ना सरळ! ते नाही म्हणणार. ती माणसं चिडतील म्हणे."

चारेक दिवसांनी मार्टिन-जो आला. मार्टिन-जो आमचा शेजारी, मिसेस मनेलींहून थोडा लहान, लग्न न केलेला, घरात पुतण्यानं घेऊन दिलेला हा एवढा टीव्ही. मी अंगणात हातगाडीचं चाक बसवत होतो. तो आला आणि चाकाकडे बघत उभा राहिला.

"ते रंगाचं, डेसी. राहू दे ना."

"का? ती माणसं माझा पाय मोडतील?"

"मोडतीलही."

"मार्टिन-जो, तू टीव्हीवर चंद्रावरचं यान बघतोस ना रे?"

"बघतो की."

"आणि मातीतल्या बुटक्यांना घाबरतोस?"

तो बुटांकडे बघत राहिला. "डिलियाला विचारलंत का?"

"विचारलं. तीही हेच म्हणाली."

"मग झालं तर," तो म्हणाला. काहीतरी अजून सांगायचं असल्यासारखा थोडा वेळ थांबला, मग टोपी नीट करून निघून गेला. संध्याकाळी मी ही गोष्ट ईटाला मार्टिन-जोच्या आवाजाची नक्कल करून सांगितली. ती पोट धरून हसली. किती तरी महिन्यांनी हसली होती.

मे महिन्यातला शनिवार होता. हॉथॉर्न पांढऱ्या फुलांनी भरला होता आणि ऊन इतकं छान पडलं होतं की मॅजेला त्याचंही श्रेय समितीला देत होती. मी पुन्हा एकदा बस चालवली. तीन शाळांची मुलं. आत टेबलांवर हॅमचे सँडविच, सोडा ब्रेड, चहाचं मोठं पिंप. दगड चमकत होते. समितीनं बांधाची वाट जेसीबीनं रुंद केली होती, म्हणजे खुर्च्या आत नेता येतील.

गावातली म्हातारी माणसं आली होती, पण आत आली नाहीत. रस्त्याच्या कडेला दगडी कुंपणाशी ओळीनं उभी होती. पुरुषांच्या टोप्या हातात. मी ओरडून सांगितलं, "आत या की, चहा आहे!" कुणी हललं नाही.

"म्हाताऱ्यांचं काही विचारू नकोस," मॅजेला म्हणाली. "आइस्क्रीमची गाडी आली की येतात की नाही बघ."

मग वृद्धाश्रमाची गाडी आली. मिसेस मनेलींनी निळा कोट घातला होता. तो कोट मी त्यांच्या अंगावर फक्त अंत्यविधींना पाहिला होता. त्यांनी तो हट्टानं मागून घेतला, असं बरोबरची मुलगी म्हणाली. ईटानं स्वतः खुर्ची ढकलत आत नेली. तिच्या डोक्याला रुमाल बांधलेला होता आणि हातात आईच्याच खुराड्यातली जुनी बादली, कारण भाषण झालं की तिचा प्रवेश होता. मुलांना धीर कुठला! ती आधीच उड्या मारायला लागली होती. लाल दगडावर पिवळ्या बुटांची एक मुलगी उभी होती, पुढचे दोन दात पडलेली.

ईटा खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली. "मॅमी, बघ."

मिसेस मनेली त्या मुलीकडे बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "उतर बाळा. तो मायकल आहे."

ईटाचा चेहरा असा उजळला की मला तिचं लग्नातलं तोंड आठवलं. तिला वाटलं, आई खेळात उतरली. "मायकल नाही गं, मॅमी, तो राजा ओगी! लाल म्हणजे राजा. नावं विसरलीस तू."

"मायकल," त्या म्हणाल्या. "झाडापासून तिसरा. निळी आहे ती विनी. आणि ती कडेची, पिवळी. तिला मी नाव नाही ठेवलं. तोवर काही उरलं नव्हतं माझ्यात."

"कोण गं ही?"

"तुझ्या आधीची."

बादली ईटाच्या हातात तशीच होती.

"मेलेलीच आली तिघंही," मिसेस मनेली सांगत होत्या, आवाज अगदी सपाट, बाजाराची यादी सांगावी तसा. "बाप्तिस्मा नाही. फादर म्हणाले, चर्चच्या मातीत घेता येणार नाही. अशांना इथंच आणायचे. सगळेच आणायचे. तुझ्या डॅडीनं लोण्याच्या खोक्यात घालून आणलं, दिवस बुडाल्यावर. बायकांनी यायचं नसतं. त्यानं घरी येऊन सांगितलं, झाडापासून तिसरा दगड. दुसऱ्या वेळी सांगितलं, त्याच्या शेजारचा. मग मी कोंबड्या कोंडायला यायचे आणि इथं बांधाशी उभी राहायचे थोडी. रोज."

"मला का नाही सांगितलंस?"

"सात वर्षांच्या पोरीला काय सांगू? तू विचारलंस दगड कशाचे. मी म्हटलं स्टुलं." त्यांनी कोटाचं बटण चाचपलं. "आणि तू मोठी झालीस तोवर ती सगळ्या जगाची स्टुलं झाली होती."

मी तिथंच होतो. कुंपणाशी ओळीनं उभी असलेली माणसं मला आता कळली. चाळीस वर्षं मी त्यांच्यात राहिलो, त्यांची पोरं बसमधून नेली-आणली, आणि जे त्यांना तोंडातून काढवत नव्हतं त्यावर त्यांनी 'ती माणसं' असं पांघरूण घातलेलं मी रोज बघत होतो. माझी बायको तर त्या पांघरुणावर नक्षी काढत बसली होती.

"एक फादर म्हणाले ती स्वर्गात जाणार नाहीत," मिसेस मनेली म्हणाल्या. "मग किती तरी वर्षांनी नवे आले, ते म्हणाले तसं काही नसतं, डिलिया. मी म्हटलं, मग इतके दिवस ती कुठं होती? ते म्हणाले, चहा ठेवताय ना?"

ईटा उठली. मुलांकडे वळली. सत्तर वर्षांची बाई, डोक्याला रुमाल, हातात बादली. आणि ओरडली, "उतरा तिथून!"

सगळं लिस एका आवाजात फुटलं.

उतरणार नाही, जा गं जा!
दगड आमच्या राजाचा!

शेकडो मुलं. एका दगडावरून दुसऱ्यावर, लालवरून निळ्यावर, निळ्यावरून पिवळ्यावर. ती पुन्हा ओरडली. "उतरा! देवाची शपथ आहे, उतरा!" तिचा आवाज चिरकला आणि मुलं आनंदानं किंचाळली. इतकी खरी हाडहाड म्हातारी त्यांनी कधी पाहिली नव्हती. शिक्षक टाळ्या वाजवत होते. लोकांनी फोन वर धरले होते. मॅजेला माइकवर म्हणाली, "अजून जोरात, मुलांनो, ऐकू येत नाही तिला!"

मी धावलो. पिवळ्या बुटांच्या मुलीला काखेत धरून उचललं आणि खाली ठेवलं. ती खिदळली आणि पुन्हा चढली. तिला उतरवेपर्यंत दुसरे दोघं चढले. रस्त्यावरून मार्टिन-जो आत आला, झाडाच्या पलीकडच्या एका हिरव्या दगडापाशी गेला आणि त्याच्यावर पाय फाकून उभा राहिला, टोपी छातीशी धरून. एक मुलगा त्याला ढकलायला लागला. "माझी बहीण आहे रे, राजा," मार्टिन-जो त्याला म्हणाला, अगदी हळू. मुलानं मान वर करून त्याच्या तोंडावर ती ओळ म्हटली. जा गं जा. त्याला कुणी दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

ईटाच्या हातून बादली पडली. ती परत खुर्चीपाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि त्या निळ्या कोटात तिनं तोंड खुपसलं. "मला माहीत नव्हतं, मॅमी. मला माहीत नव्हतं गं."

मिसेस मनेलींनी तिच्या रुमालावर हात ठेवला. रुमाल सरकला होता, तो त्यांनी नीट केला.

"वाचली मी," त्या म्हणाल्या. "सगळी वाचली. एकही सोडलं नाही. म्हटलं, तुला एवढं दिसतंय त्यांच्यातलं, तर कुठल्या तरी पानावर माझा मायकल सापडेल." त्यांनी पुन्हा त्या लाल दगडाकडे बघितलं. "प्रत्येक वेळी त्याच्या दगडावर दुसराच कुणी बसलेला."

हे ऐकायला माझी बायको आयुष्यभर थांबली होती. मुलं दुसऱ्या फेरीला लागली.